मुसंडी

माणमधल्या आमच्या घरमालकांच्या आईंना डुक्कर या प्राण्यात कसलीही गंमत वाटत नाही. डोंगराच्या अंगाला त्यांचं भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. बाकीच्या जमिनीवर आता आमच्यासारखे भाडेकरू उगवतात. त्या उरलेल्या खाचरात इंद्रायणीच्या लोंब्या भरल्या की रात्री रानडुकरं उतरतात. खातात थोडं, लोळतात जास्त. सकाळी बघावं तर रोडरोलर फिरवल्यासारखं भात आडवं. म्हणून त्या दिवसांत घरातली पुरुषमाणसं बॅटऱ्या, फटाके आणि तेलाचे रिकामे डबे घेऊन राखणीला जातात. तिथून फेज थ्रीच्या काचेच्या इमारतींचे दिवे स्पष्ट दिसतात. म्हणजे एकाच रात्री एकीकडे अमेरिकेच्या वेळेनुसार कोणीतरी सर्व्हर राखत असतो आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर कोणीतरी भात.

२०२२ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी आजी वाळवण घेऊन गच्चीवर चालल्या होत्या. आमच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. ते कायमच उघडं असतं, कारण कडी बसत नाही. आत लॅपटॉपवर एक उघडाबंब पोरगा डोक्यावर रानडुकराचं मुंडकं घालून, दोन्ही हातांत करवतीसारख्या दात्यांच्या तलवारी घेऊन, घसा फाडून ओरडत होता. आजी थांबल्या.

"ह्यो कोन मेला डुकरतोंड्या?"

"आजी, थो मीच होय," आमचा वऱ्हाडी म्हणाला.

आजींनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "शोभतंय," म्हणाल्या आणि वर गेल्या.

पडद्यावरच्या पोराचं नाव हाशिबिरा इनोसुके. मालिका 'डीमन स्लेयर', मूळ जपानी नाव 'किमेत्सु नो यायबा'. कोयोहारु गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात 'शोनेन जंप' या साप्ताहिकात आली, तिचे २३ खंड झाले, आणि २०१९ पासून यूफोटेबल या स्टुडिओनं तिची ॲनिमेटेड मालिका केली. काळ तैशो, म्हणजे साधारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. आगगाडी आलेली, शहरांत विजेचे दिवे आलेले, तलवार बाळगणं बेकायदा झालेलं, आणि तरी रात्री माणसं खाणारे राक्षस आहेतच. नायक तांजिरो हा कोळसा विकणारा गरीब, समंजस मुलगा. राक्षसानं त्याचं घर संपवलं आणि बहिणीला राक्षस केलं. तिला पाठीवरच्या पेटीत घालून तो हिंडतो. त्याचे साथीदार दोन. एक झेनित्सु, जो सतत रडतो. दुसरा इनोसुके, जो सतत ओरडतो. (पुढे कथेतली बरीच गुपितं फुटणार आहेत. ज्यांना मालिका कोरी बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं, बघून यावं. लेख कुठे जात नाही.)

असा माणूस आपल्याला नवा नाही. तमाशात तो सोंगाड्या असतो. माझ्या वडिलांच्या पिढीच्या सिनेमात तो लक्ष्मीकांत बेर्डे असतो, नायकाचा मित्र. महाभारतात तो भीम असतो. नियम साधारण सगळीकडे सारखा : त्यानं आवाज करायचा, जास्त खायचं, पुढे घुसायचं, मार खायचा आणि वातावरण हलकं ठेवायचं. दुःखाचे प्रसंग नायकाकडे. लक्ष्मीकांतला १९९२ साली जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' दिला तेव्हा वडील मित्रांबरोबर बघायला गेले होते. ते सांगतात, आम्ही वैतागून बाहेर आलो, लक्ष्या हसवतच नव्हता. हे सांगताना आजही त्यांच्या आवाजात फसवणूक झाल्याची भावना असते.

आमच्या फ्लॅटवर हे पद वऱ्हाड्याकडे होतं. अकोला जिल्ह्यातल्या एका गावचा. घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. उंची सहा फूट, आवाज त्याहून मोठा. त्याच्या ऑनलाइन मीटिंगा चालू असल्या की आमच्या मीटिंगांमधली माणसं विचारायची, तुमच्याकडे कोणाचं भांडण चाललंय का. कंपनीत पहिल्या दिवशी कार्ड दाखवून उघडणाऱ्या फाटकात तो अडकला, तेव्हा मागे न सरकता त्यानं ते ढकलून पाहिलं होतं आणि सिक्युरिटीवाल्याला विचारलं होतं, "हे म्हैस आडवाले लावलं का?" हा किस्सा तो स्वतःच सांगायचा, दर वेळी थोडा वाढवून. पुढे इनोसुके पहिल्यांदा आगगाडी बघतो, तिला त्या मुलखाचा मालक असलेलं जनावर समजतो आणि डोक्यानं धडक मारायला धावतो, तो प्रसंग आला. आमचा तिसरा रूममेट हसून हसून गादीवरून पडला. वऱ्हाडी हसला नाही. म्हणाला, "बराबर हाय त्याचं. अनोळखी मोठ्या जनावराले पयले धडक द्याची. मंग नाव इचाराचं."

आणि नावं. इनोसुके तांजिरोचं नाव कधी धड घेत नाही. दर वेळी तोंडाला येईल तसं काहीतरी जवळपासचं : मोंजिरो, केंतारो, गोनपाचिरो. वऱ्हाड्याचंही तेच. मी कराडचा. माझं नाव अवघं तीन अक्षरी, पण ते त्यानं कधी घेतलं नाही आणि कराडही कधी म्हटलं नाही. "ए फलटण, चहा घेतं का?" "वाई, तुह्या डब्यात काय हाय?" "ए महाबळेश्वर, लाइट बंद कर." तीन वर्षांत सातारा जिल्ह्याचा सगळा नकाशा माझ्यावर फिरवून झाला. मी सुरुवातीला दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. मग ते आवडायला लागलं, पण हे मी त्याला सांगितलं नाही.

मालिका आम्ही जपानीतच बघायचो, खाली इंग्रजी अक्षरं. वऱ्हाड्याला ती वाचायचा कंटाळा, म्हणून इनोसुके बोलायला लागला की तो आवाज बारीक करायचा आणि स्वतः डब करायचा. वऱ्हाडीत. कुठलाही राक्षस पुढे आला की, "काहून बे, लय माजला का तू?" इनोसुकेची एक आरोळी आहे, चोतोत्सु मोशिन. मूळ चार चिन्हांची जपानी म्हण आहे : रानडुकरासारखं, मागचापुढचा विचार न करता, सरळ घुसणं. इंग्रजीत तिचं पार पाणी होतं. वऱ्हाड्यानं दुसऱ्याच दिवशी तिला मराठी शब्द काढला : "मुसंडी!" इतका चपखल की मला स्वतःचा राग आला. शाळेत दहा वर्षं मराठी शिकून मुसंडी हा शब्द माझ्यासाठी फक्त वर्तमानपत्राचा उरला होता. निकालात मुलींची मुसंडी, शेअर बाजाराची मुसंडी. त्यानं तो उचलून पुन्हा डुकराला देऊन टाकला.

आता इनोसुकेच्या ज्या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त बोललो आहे, तो सांगतो. जखमी झालेले तिघं एका घरात मुक्कामाला असतात. दारावर विस्टेरियाच्या फुलांचं चिन्ह असलेली ही घरं राक्षस मारणाऱ्यांना मोफत जेवूखाऊ घालतात. जेवणात तेम्पुरा असतो, म्हणजे पिठात बुडवून तळलेली भजीच म्हणा. इनोसुके हातानं बकाबका खातो आणि मग तांजिरोच्या ताटातला तुकडा पळवतो. भूक म्हणून नव्हे, भांडण व्हावं म्हणून. त्याला भांडण समजतं. दुसरं काही समजत नाही. तांजिरो हसतो आणि म्हणतो, एवढी भूक लागली असेल तर हेही घे. बस. इनोसुके चिडतो. त्याच्याजवळ या वाराला प्रतिवारच नाही.

त्याच घरातून निघताना म्हातारी यजमानीण चकमक झाडून त्यांच्या पाठीवर ठिणग्या पाडते. प्रवासाला निघणाऱ्याचं वाईट टळावं म्हणून. इनोसुके दचकतो, त्याला वाटतं हल्ला झाला. आजीबाई शुभ बोलतात, आणि हा वाटेत तांजिरोला विचारत बसतो की त्याचा अर्थ काय, आणि जिचा आपला काही संबंध नाही तिनं असं का म्हणावं. हे बघताना मला आमच्या जिन्याची आठवण झाली. आम्ही सकाळी खाली उतरलो की घरमालकांच्या आई ओट्यावरून म्हणायच्या, "जाऊन ये रं." 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आम्हाला घरीच शिकवलेलं. तरी भाडेकरूला हे कोण म्हणतं? कानांत हेडफोन घालून आम्ही दोघं मान हलवून निघायचो. वऱ्हाडी तेवढा ओट्याजवळ थांबायचा आणि ओरडायचा, "येतो आजी! डुकरं आले तं आवाज द्या!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

इनोसुकेबद्दल आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. या तिघांची एकेक इंद्रियं विलक्षण आहेत. तांजिरोचं नाक. झेनित्सुचे कान. आणि सगळ्यात धसमुसळ्या इनोसुकेची कातडी. त्याला हवेतली हालचाल अंगावर जाणवते. जंगलात लपलेला शत्रू शोधायचा असेल तर तो दोन्ही तलवारी जमिनीत खुपसतो, हात पसरतो आणि गप्प उभा राहतो. गप्प! आणि मग सांगतो, तिकडे आहे. म्हणून तो उघडा फिरतो. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला स्पर्शाचं इंद्रिय द्यावं, हे कोयोहारु गोतोगे यांना कसं सुचलं असेल कोण जाणे. मला नसतं सुचलं. मी त्याला पोट दिलं असतं.

आमच्या फ्लॅटवर कोण जेवलं नाही हे वऱ्हाड्याला कळायचं. रिलीजच्या रात्री मी दोनला आलो तर गॅसवर झाकलेलं काहीतरी असायचं. विचारलं की म्हणायचा, "उरलं होतं बे." मी तीन वर्षं यावर विश्वास ठेवला. ज्या घरात वऱ्हाडी राहतो तिथे काही उरत नाही, हे मला माहीत असूनही.

मग २०२५ उजाडलं.

आम्ही तिघं तीन कंपन्यांत होतो, तरी हवा सगळीकडे एकच होती. प्रोजेक्ट संपून बेंचवर बसलेल्या लोकांना कुजबुजत्या आवाजात बोलावणं यायचं. वऱ्हाडी डिसेंबरपासून बेंचवर होता. जानेवारीतली एक रात्र. मी ऑफिसातून येऊन फोन बघत पडलेलो. तो खिडकीशी होता. तिथून माणच्या मेट्रो डेपोकडचे दिवे दिसतात. गेली काही वर्षं आम्ही ती मेट्रो होताना बघत होतो, आणि ती झाली की ट्रॅफिकमधले दोन तास वाचतील यावर रोज बोलायचो. तो म्हणाला, "माहं काई खरं नाई बे आता."

मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणालो, "आवाजात म्हण ना."

म्हणजे इनोसुकेच्या आवाजात.

तो क्षणभर थांबला. ते थांबणं मला आता आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं. मग त्यानं छाती फुगवली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि इनोसुकेच्या फाटक्या आवाजात गर्जना केली : "माहं! काई! खरं! नाई!" तिसरा रूममेट आतून हसत बाहेर आला. मीही हसलो. खालच्या मजल्यावरून कोणीतरी "ओ, हळू" म्हणून ओरडलं, त्यावर आम्ही आणखी हसलो.

त्यानंतरचे सहा-सात आठवडे तो सकाळी आमच्याबरोबरच बॅग घेऊन निघायचा. "येतो आजी!" सकट. दिवसेंदिवस आवाज वाढलाच होता. फक्त माझ्या डब्यात हात घालणं बंद झालं होतं. "पोट भरलंय, वाई." मला वाटलं, वजन कमी करतोय. त्यावर मी विनोदही केला होता.

मला कळलं ते आजींकडून. मार्चमधल्या एका शनिवारी भाड्याचं काहीतरी विचारायला खाली गेलो, तर म्हणाल्या, "तुमचा तो डुकरतोंड्या आमच्या खाचराच्या बांधावर येऊन बसतोय रोज दुपारचा. कंप्युटर मांडीवर घिऊन. आधी वाटलं, जागा बघाया आला का काय. जेवत न्हाय काय न्हाय. मग मीच भाकर धाडाया लागले. पैल्या दिशी न्हाय म्हनला. दुसऱ्या दिशी चार खाल्ल्या."

मी जिन्यात उभा राहिलो. खूप लाज वाटली, पण ती लगेच नाही. आधी मला चक्क त्या तेम्पुऱ्याचं दृश्य आठवलं. त्या प्रसंगावर मी ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बसमध्ये अनोळखी मुलाला व्याख्यान दिलं होतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला खरं काय हवं असतं, यावर माझी मतं तयार होती. आणि भाकरी दिली कोणी? जिला डुकरांचा मनापासून तिटकारा आहे, त्या बाईनं.

संध्याकाळी मी त्याला विचारलं. राजीनामा देण्यावाचून पर्याय ठेवला नव्हता म्हणाला. फेब्रुवारीतच सगळं संपलं होतं. घरी सांगितलं नव्हतं, कारण बहिणीचं लग्न ठरत होतं आणि 'पोरगा पुण्यात कंपनीत' हे त्या बोलणीतलं मोठं वाक्य होतं. मग म्हणाला, "सॉरी बे. सांगाले पायजे होतं. लाज वाटली." इतक्या बारीक आवाजात की मला "काय?" असं विचारावं लागलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

मालिकेत असा आवाज एकदाच येतो. कोळी-राक्षसांच्या डोंगरावर इनोसुकेची मान आवळली जाते, तलवारी मोडतात, दुसराच कोणीतरी येऊन त्याला वाचवतो. पुढच्या भागात तो इस्पितळात पलंगावर आडवा आहे, डुकराचं मुंडकं तसंच डोक्यावर, घशाचं भुसकट झालेलं. आणि घोगऱ्या, नम्र आवाजात माफी मागतो, मी कमजोर पडलो म्हणून. प्रसंग विनोदी करून दाखवलाय. तांजिरो आणि झेनित्सु घाबरून त्याला धीर द्यायला लागतात, तू छान लढलास वगैरे. पहिल्यांदा आम्ही तो बघितला तेव्हा वऱ्हाड्यानं त्यावर डबिंग केलं नव्हतं. हे मला त्या संध्याकाळी आठवलं.

पुढचे दोन महिने आम्ही जे करायचं ते केलं. रेफरल दिले, रेझ्युमे चारदा बदलला, रात्री बसून मुलाखतीचा सराव केला. इंग्रजीत उत्तर देताना तो कमालीचा हळू बोलायचा. मी म्हणायचो, अरे मोठ्यानं बोल, आत्मविश्वास दिसू दे. तोपर्यंत तीन वर्षं मी त्याला फक्त हळू बोल म्हणत आलो होतो. एका मुलाखतीनंतर तो म्हणाला, "थे इचारत होते, स्वतःबद्दल सांगा. मी काय सांगू? माह्याबद्दल तं तुमीच सांगता सगळ्यायले."

त्याच दिवसांत एकदा आजींनी मला इनोसुकेची कथा विचारली. रेशनचे तांदूळ निवडत होत्या. मी सांगितली. सासू-नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पळालेली एक बाई, कडेवर तान्हं. आसरा मिळतो तो देवमाणूस समजल्या जाणाऱ्या एका पंथप्रमुखाकडे. तो निघतो राक्षस. तिला कळतं, ती पळते, मागे तो, पुढे कडा. मुलगा निदान वाचेल म्हणून ती त्याला खाली नदीत सोडते आणि स्वतः मारली जाते. ज्या रानडुकरिणीचं पिल्लू नुकतंच मेलेलं असतं, ती त्याला वाढवते. माणसाची भाषा तो शिकतो एका म्हाताऱ्या आजोबांकडून, जे त्याला खाऊ देतात आणि बोलत राहतात. शिव्या शिकतो त्यांच्या नातवाकडून, ज्याला हा डोळ्यासमोर नको असतो. बरीच वर्षं इनोसुकेला वाटत असतं की आईनं आपल्याला टाकलं.

मला वाटलं, डुकरीण मूल वाढवते यावर आजी हसतील. त्या म्हणाल्या, "वाढवील की. पान्हा फुटल्यावर कुनाचं हाय ते बघत न्हाय जनावर." मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. "सासू मारायची व्हय तिला," एवढंच पुन्हा म्हणाल्या. त्यांना कथेत डुक्कर महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

भीमाचं मी मघाशी म्हणालो. द्यूतसभेत सगळे शहाणे खाली बघत असताना भीमच संतापून म्हणतो की आग आणा, या युधिष्ठिराचे हात जाळतो. आडदांड माणसाचं ते ओरडणं सगळ्या सभेत एकटंच खरं होतं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीच्या शेवटच्या क्षणी तिच्या मनात तोच आणला आहे, हे मला फार बरोबर वाटतं. इनोसुकेचाही असा एक क्षण आहे. 'मुगेन ट्रेन'च्या शेवटी रेंगोकु हा मोठा योद्धा या पोरांवर विश्वास टाकून मरतो. तांजिरो, नायक, कोसळतो. मला जमेल की नाही म्हणत रडतो. तेव्हा त्याच्यावर ओरडतो तो इनोसुके : जमेल की नाही हे विचारू नको, विश्वास टाकलाय ना, तेवढंच बघ. आणि ओरडताना त्या मेलेल्या डुकराच्या काचेसारख्या डोळ्यांमधून पाण्याच्या धारा लागलेल्या असतात. मुखवटा रडतो. हा मला संपूर्ण मालिकेतला सगळ्यात चांगला विनोद वाटतो, आणि तो हसण्यासाठी केलेला नाही.

वऱ्हाड्याला नोकरी मिळाली नाही. मेच्या शेवटी तो गेला. पेरणी तोंडावर होती, बाप एकटा होता, आणि आता घरीही कळलं होतं. बहिणीचं लग्न मोडलं नाही, हे सांगायला हवं. मुलाकडच्यांनी विषयही काढला नाही म्हणे. रात्रीची ट्रॅव्हल्स होती. आजींनी दशम्या बांधून दिल्या. "जाऊन ये रं," म्हणाल्या. तो ओट्याजवळ थांबला, पण ओरडला नाही. वाकून पाया पडला. मी त्याला वाकडपर्यंत सोडायला जाणार होतो, तर ऐन वेळी एक कॉल लागला. तो म्हणाला राहू दे, मी रिक्षानं जातो. मीही राहू दिलं.

रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. बस मिळाली, सीट बरी आहे, तब्येतीला जप. आणि सुरुवातीला माझं नाव. माझं खरं, तीन अक्षरी नाव, शुद्धलेखनासकट.

चित्रकथेच्या अगदी शेवटाकडे एक जागा आहे. तांजिरोच राक्षस होतो आणि त्याला मारण्यावाचून इलाज नसतो. इनोसुके तलवार उगारून धावतो. ही त्याची मुसंडी, आयुष्यभराची. आणि ती अर्ध्यात थांबते. मला नाही जमत म्हणतो, कारण हा मला त्याच्या वाटणीचा तेम्पुरा द्यायचा. तिथे तो तांजिरो हे नाव अचूक घेतो. वाचताना मला ते फार सुंदर वाटलं होतं. पण त्या रात्री फोनवर माझं अचूक नाव बघून मला वाटलं की काहीतरी संपलंय. मी उत्तरात अंगठा पाठवला. दुसरं काही सुचलं नाही. जूनमध्ये एकदा फोन केला, त्यानं उचलला नाही. जुलैत त्यानं केला, मी मीटिंगमध्ये होतो.

१२ सप्टेंबर २०२५ ला 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा भारतात लागला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. मराठी नव्हता. मी एकटाच गेलो. तुडुंब गर्दी, शिट्ट्या, बारावीतली पोरं नायकांच्या रंगाचे चौकड्यांचे अंगरखे घालून आलेली. एका पोरानं तर पुठ्ठ्याचं डुकराचं तोंड केलं होतं, कान वाकडे झालेले. सिनेमात इनोसुकेला फारसं काम नाही. त्याची लढाई पुढच्या भागांत येईल. तरी तो पहिल्यांदा दिसला तेव्हा अंधारात माझ्याच तोंडून, मोठ्यानं, 'मुसंडी' निघून गेलं. पुढच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले. पुठ्ठ्याच्या डुकरानं मात्र वळून अंगठा दाखवला.

बाहेर येऊन मी तिकिटाचा फोटो त्याला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. मग पार्किंगमध्ये उभं राहून लिहिलं : जानेवारीत तू खिडकीत बोललास तेव्हा मी ऐकायला हवं होतं. पाठवलं, आणि फोन खिशात टाकून गाडी काढली. फेज थ्रीच्या वळणावर ट्रॅफिक नेहमीसारखाच होता. घरी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर होत्या. घरातले राखणीला कधी जायचं ते ठरवत होत्या. भात पोटरीत आलं होतं.

फोन वाजला तेव्हा मी जिन्यात होतो. तिकडून वारा, कुत्री, आणि कुठेतरी ट्रॅक्टर.

"काय बे पाचगणी," तो ओरडला, "डिपॉझिटातले माहे सहा हजार कधी टाकतं?"